विसूभाऊंची ताडपत्री

विसूभाऊंना "काय, बरे आहात ना?" असं विचारलं तर ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी तुमच्या खांद्यावरून मागे बघतात. मागे कोणी नाही अशी खात्री झाली की तुमच्या हातांकडे बघतात. मग विचारतात, "कित्याक?" म्हणजे, कशाला?

आता सांगा, "बरे आहात ना"चं उत्तर "कित्याक" असतं का? पण आम्ही इब्रामपूरकर सरावलोय. माझं किराणाचं दुकान त्यांच्या घरासमोर, मधे नुसता रस्ता. माझी निम्मी जिंदगी या माणसाला तूरडाळ विकण्यात गेली. डाळ ते वजन करून घेतात, पिशवीतून परत पातेल्यात ओतायला लावतात, खालपर्यंत हात घालतात आणि मगच पैसे काढतात. हात घालताना पुटपुटतात, "ह्यात कायतरी आसा हां." डाळीत डाळ असते हो, दुसरं काय असणार!

दोष त्यांचा एकट्याचा नाही. सगळी नोकरी गोव्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर गेली. येणारी-जाणारी गाडी अडवायची, डिकीवर बॅटरी मारायची आणि म्हणायचं, "उघड बघया." माणसं निवृत्त झाली की भजनाला बसतात, शेतात रमतात. हे निवृत्त झाले आणि नाका घरी घेऊन आले. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की हे प्रत्येक पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, दाबून बघणार.

"ही पोकळ कित्याक?"

"भाऊ, पोई पोकळच आसता."

"पोकळ जाग्यातच माल लपयतत," विसूभाऊ सांगणार. तो बिचारा पोदेर आता त्यांच्या दारात भोंपूसुद्धा हळू वाजवतो.

देवाचीही सुटका नाही. एकदा देवळात कौल लावायला आले. काय विचारायचंय ते सांगेनात, म्हणाले, "मनातल्या मनात विचारतंय." भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि काय आश्चर्य, उजवी पाकळी टपकन पडली! देवाने हो म्हटलं! आम्ही हात जोडले. विसूभाऊंनी वर बघितलं आणि म्हणाले, "भटजी, पंखो बंद करा आनी परत विचारा." भटजी तोंडातल्या तोंडात जे बोलले ते मंत्र नव्हते, एवढं मी ऐकलं. पंखा बंद करून परत कौल लावला. परत उजवीच पडली. तरी हे बाहेर येताना खिडकीतून वारा येतो का बघत होते.

या माणसाबरोबर शालनवैनींनी संसार कसा केला, हे आमच्या सुलभाला न सुटलेलं कोडं. सुलभा म्हणजे आमची सौ. वैनी अगदी गरीब स्वभावाच्या. माहेर त्यांचं मये, तळ्याच्या जवळच. हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही, पण गेली कित्येक वर्षं त्या मयेला गेल्या नव्हत्या. कारण अर्थातच विसूभाऊ. त्यांचा कुठल्याच गाडीवर विश्वास नव्हता. बस आली की "डायवर जांभयो देता" म्हणून सोडून द्यायची. रिक्षा आली की टायर बोटाने टोचून बघायचा. भाचीच्या लग्नाला वैनींच्या भावाने स्वतःची गाडी पाठवली, तर हे धोतर सावरत गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तेल गळता. आमी येना."

वैनी नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून दारात उभ्या होत्या. तशाच आत गेल्या. भावाने त्या दिवसापासून विसूभाऊंचं नाव टाकलं. आणि आमच्या सुलभाने तर असा उद्धार केला की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "बायलेचां म्हायार तोडलां मेल्यान!" हे त्यातलं त्यातल्या त्यात लिहिण्यासारखं वाक्य.

तर असा हा माणूस. दिवाळी झाली आणि त्याने एक जुनी होडी विकत आणली.

शापोरा नदी आमच्या गावावरून जाते, त्यामुळे होडीचं नवल नव्हतं. पण विसूभाऊंनी तिला डोलकाठी उभी केली, शीड शिवून घेतलं, माझ्याकडून नायलॉनची दोरी नेली, तीही मला एक टोक धरायला लावून, ओढून ओढून पारखून. विचारलं, "भाऊ, कुठे?" तर म्हणे, "कित्याक?" शेवटी वैनींच्या तोंडून निसटलं की मांद्रेला. मांद्रेला त्यांची मुलगी रोहिणी दिलेली आहे. बसने गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. आणि हे दोघं साठी उलटलेले नवराबायको नदीतून वळणं वळणं घेत, शीड लावून, समुद्रापर्यंत जाणार, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मांद्रे!

निघाले त्या सकाळी होडीच्या मधोमध काहीतरी मोठं, उंच, ताडपत्रीत गुंडाळून, सगळीकडून करकचून बांधलेलं होतं. आम्ही मदत करायला पुढे झालो तर विसूभाऊ खेकसले, "हात लावंक नाका!" आयुष्यभर दुसऱ्याला "उघड बघया" म्हणणारा माणूस स्वतःचा माल झाकून नेतो? ह्यात कायतरी आसा हां, असं या वेळी आम्ही म्हणालो.

दुकानावर बैठक बसली. एक म्हणाला, दारू. पण दारू गोव्याबाहेर जाते, हे तर गोव्यातच चालले होते. दुसरा म्हणाला, दिल्लीवाल्यांना नदीकाठची जमीन दाखवायला सामान नेलंय, मोजणीचं. मग तिसऱ्याला आठवलं की विसूभाऊंनी महिन्यापूर्वी परसात खड्डा खणला होता. झालं! आमच्या भागात जमिनीत जुन्या मूर्ती सापडतात हे लहान पोरालाही ठाऊक. मूर्ती सापडली असणार, आणि मांद्रेला तर परदेशी गिऱ्हाईकांची रांग! गावचा देव होडीत घालून विकायला चालले! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "सदा, तुजी स्कूटर आसा, भयण चोपड्याक आसा. तूच जा." मी निघालो. सुलभा मागे बसली. ती म्हणाली चोपड्याच्या ताईला भेटायला येते, पण डोळे काही वेगळंच सांगत होते.

पाळत ठेवणं हे दिसतं तितकं सोपं नाही, विशेषतः ज्याच्यावर पाळत ठेवायची तो चालतच नसेल तर. सकाळी डोंगराकडून वारा सुटतो तेवढ्यात हे शीड उघडत, ओहोटीबरोबर सरकत. दुपारी समुद्राकडून उलटा वारा आला की काठाला होडी बांधून बसून राहत. मी चहा पिऊन पोचायचो तिथे हे दुसऱ्या दिवशी पोचत. रात्री वैनी ओळखीच्या घरी झोपत आणि हे होडीतच, मालाशेजारी. हळर्णला मी एका माडामागे उभा राहून बघत होतो, तर नदीतून हाक आली.

"सदा, हंय कित्याक?"

"नारळ बघतोय," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या माडाचे?"

कोलवाळच्या पुलाशी त्यांनी डोलकाठी खाली घेतली आणि भर दुपारी बॅटरी पेटवून पुलाचं पोट तपासलं. म्हणाले, "वयर गाडयो चलतत. कोण काय टाकीत, सांगाक जाता?" पण मी बघत होतो ते दुसरंच. सुकाणू धरताना, भाकरी खाताना, बोलताना, विसूभाऊंचा एक पाय सतत त्या ताडपत्रीवर दाबलेला. एखादी मोटरबोट गेली, लाट आली, की हातातलं सगळं टाकून दोन्ही हातांनी ती वस्तू घट्ट धरायचे. आणि वैनी पुढे बसून डोळे मिटायच्या. मूर्तीच, मी सुलभाला म्हटलं. आणि पापाची भीती.

चोपड्याला मात्र होडी अडकली. पुढे नदीचं तोंड, मग समुद्र. सकाळी वारा आला तरी विसूभाऊ शीड उघडेनात. दुसऱ्या दिवशीही नाही. धक्क्याच्या टोकाला उभे राहायचे, लाटा बघायचे आणि परत यायचे. मला वाटलं, गिऱ्हाईक इथेच येणार. मी ताईकडे जेवलो, वामकुक्षी घेतली आणि सुलभाला घेऊन सरळ धक्क्यावर गेलो.

"विसूभाऊ," मी म्हणालो, "गावात बोलणं चाललंय. उघडा बघू."

त्यांनी हातातलं वल्हं आडवं धरलं. पण आवाज चढला नाही. "सदा, पाया पडता तुज्या. उघडूक लावू नको." एवढ्या वर्षांत या माणसाचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

आमची ही चर्चा चालू असताना ताईने दिलेला डबा वैनींना द्यायला सुलभा होडीत उतरली होती. उतरता उतरता तिने ताडपत्रीखाली हात सरकवला. मी तिला ओळखतो, डबा हे निमित्त. पण हात आत गेला आणि ती तशीच थांबली. हात बाहेर काढून तिने ताडपत्री परत नीट खोचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही गप रवा. पाळणो आसा."

वैनींनी तोंडाला पदर लावला. "हात लागलो गो! रिकाम्याक हात लागलो!" आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

तेव्हा मला आठवलं. मागच्या खेपेला रोहिणीचे दिवस भरत आले होते, तेव्हा सावंतवाडीचा रंगीत पाळणा माझ्याच दुकानासमोरून टेम्पोत चढला होता. सगळ्या वाड्याने बघितला होता. मीच म्हटलं होतं, पेढे विसरू नका. मूल राहिलं नाही. पाळणा तसाच परत आला, टेम्पोच्या मागच्या बाजूला, आणि त्याच्या शेजारी वैनी बसून आल्या होत्या.

"त्या दिसासून माका गाडयेत बसूक जायना," वैनी म्हणाल्या. "इंजिनाचो आवाज आयकलो की हात-पाय कापतत, श्वास अडकता. भिती माजी आसा हो, तेंची न्हय. तेणी सगळां आपल्यार घेतलां. नायतर गावान माका लागीर झालां म्हटला असता, भूत काढूक घाडयाकडे व्हरून बसयली असती."

म्हणजे जांभया देणारे डायवर, टोचलेले टायर, गळणारं तेल! मये बंद झालं, मेव्हण्याने नाव टाकलं, सगळा गाव हसला, आमच्या सुलभाने तर शिव्यांची लाखोली वाहिली. आणि हा माणूस "तेल गळता" म्हणत राहिला. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकं प्रेम वाटलं की काय करावं कळेना. एका शब्दाने बोलला असतास तर, अरे बाबा!

"रोहिणीक परत दीस आसत," विसूभाऊ खाली बघत म्हणाले. "कधी जायत सांगाक येना. आवय जाय म्हणून रडता. कोणाक सांगलां ना, दिश्ट नको. नवो पाळणो आणलो. रिकामो पाळणो हालूक नको, हालल्यार पोराक वायट. हंयपर्यंत पायान धरून आणलो. पण भायर दर्या. दर्यात कसो धरू?"

एवढंच होतं. पोर तिथे आईची वाट बघत होती, आई गाडीत बसू शकत नव्हती, आणि बाप दोन दिवस धक्क्यावर उभा राहून समुद्र थांबतो का बघत होता.

सुलभाने डोळे पुसले आणि एकदम कमरेला पदर खोचला. "रिकामो कित्याक?" ती म्हणाली. "बारशाक पयलो कोण निजता पाळण्यात?" आणि ती धक्क्यावरून ताईच्या घराकडे अक्षरशः धावत सुटली. मला वाटलं, हिचंही डोकं फिरलं. ती परत आली तेव्हा तिच्या मागे ताई होती, आणि सुलभाच्या कुशीत ताईचा वरवंटा होता, बारशाला बाळाआधी पाळण्यात निजवतात तसा, धुऊन, पुसून, कुंकवाचं बोट लावून, जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. टोपडंसुद्धा घातलं होतं, ताईच्या नातवाचं.

ताडपत्री सोडायला विसूभाऊंनी स्वतः गाठ उकलली. पाळणा खरंच सुरेख होता, हिरवा-पिवळा. सुलभाने दगडाला त्यात निजवलं, मान सांभाळावी तसं हाताने सांभाळत. ताईने अंगाईची एक ओळ म्हटली आणि स्वतःच हसली. वैनी पुढे सरकल्या, टोपड्याची नाडी नीट केली, आणि पाळण्याला अगदी हळू एक झोका दिला. विसूभाऊंनी पाय बाजूला घेतला. अवघडलेला होता, बराच वेळ चोळत बसले.

दुसऱ्या सकाळी वारा सुटला तसं शीड उघडलं. मोरजीच्या बाजूने होडी बाहेर पडली तेव्हा लाटांवर चांगलीच डोलत होती. वैनी पाठ टेकून बसल्या होत्या. आम्ही दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. गावात परत आल्यावर बैठकीने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ताडपत्रीखाली मसाला वाटायचा दगड होता. खोटं तर नव्हतं! बैठकीला पटलं. विसूभाऊंचं काय सांगावं, म्हणाले, विकतचा मसाला घेतील होय ते.

त्यानंतरचे दिवस सुलभाचे कान फोनकडे. ताईचा रोज फोन, "काय कळलां गो?" आणि नाही म्हटलं की कुरकुर, "मसालो मिक्सरात वाटता, आमटेक चव येना."

शेवटी एका सकाळी मी साखर तोलत असताना विसूभाऊंचा फोन आला. मी म्हटलं, "भाऊ, बरे आहात ना?" पलीकडे मागे कुठेतरी एक बारीकसं टॅहँ टॅहँ ऐकू येत होतं.

मग ते म्हणाले, "सदा, बायलेक आनी ताईक घेवन मांद्र्याक ये. वरवंटो परत घेवन जावा तुमचो. पाळण्यात आता जागो ना."