तळाचं दळण

आमच्या गावच्या गिरणीची मोटर बाहेरून फिरवली की आजवर खाल्लेली वीज परत देते, आणि ती ज्या दळणासाठी खाल्ली त्याचा वास त्या उजेडाला येतो. तालुक्यातल्या बाकीच्या मोटरींना हे जमत नाही म्हणे, पण तो त्यांचा प्रश्न.

दरड कोसळून विजेचे अकरा खांब दरीत गेले तेव्हा ही सोय कामी आली. मुल्ला वायरमनने ओढ्यावर पाणचक्की बसवली, पट्ट्याने ती मोटरीला जोडली आणि एक कपॅसिटर लावला. मोटरीला तिच्या नेहमीच्या चालीपेक्षा जरा जास्त पळवलं की ती घ्यायची थांबते आणि द्यायला लागते. ग्रामपंचायतीने हा प्रयोग दोन सदस्यांवरही करून पाहिला. गुण आला नाही.

मी पंचायतीचा लिपिक, त्यामुळे सगळं नोंदवहीत आहे. पोत्यातून धान्य काढावं तशी वीज वरून निघते, म्हणजे नवं दळण आधी आणि जुनं मागून. वर्षभराच्या दळणाची वीज एक दिवस पुरते, कारण बाकीचं पीठ झालं. पहिले दोन दिवस गावात नाचणीचा तांबूस उजेड होता. एकादशीला उपासकरूंनी भगरीचा उजेड मागितला, पण क्रम मोडता येत नसल्याने मी अर्ज फेटाळला. बल्बातून गिरणीतली तेव्हाची बोलणीही ऐकू येत. त्यातून तीन जुनी भांडणं नव्याने झाली आणि सरपंचांनी घरातला बल्ब काढून कंदील लावला.

गिरणी केरबाअण्णांची. त्यांच्या पत्नी हौसाबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या. त्यामुळे सातव्या दिवसापासून बल्बातून त्यांचा आवाज येऊ लागला आणि अण्णा बल्बाखालून हलेनात. आपण ऐकतोय म्हणजे संपवतोय, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

एकविसाव्या दिवशी सकाळी वायरमन गिरणीत आला.

"अण्णा, तळ लागलाय. आता निस्तं पयलं दळण ऱ्हायलंय."

"त्ये हौसानं घातल्यालं. त्ये ऱ्हाऊ दे."

नियमही तेच सांगतो. तळाचं थोडं मोटरीत राहायला हवं, नाहीतर ती देणं विसरते. मी संबंधित कलम वाचून दाखवलं आणि वायरमन मोटर थांबवायला वळला.

तेवढ्यात आरोग्य उपकेंद्राच्या लोबो सिस्टर धावत आल्या. पहाटे एक बाई बाळंत झाली होती. बाळ महिनाभर आधी आलेलं, जेमतेम दीड किलोचं, आणि उबेच्या दिव्याखाली ठेवलेलं.

"दिवा विझला तर बाळ गार पडेल," सिस्टर म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स दरडीपलीकडे थांबलीये. माणसं चालत यायला दोन तास लागतील. अण्णा, एवढे दोन तास द्या."

अण्णांनी मोटरीवर हात ठेवला. मी कलमाची आठवण करून दिली. याची मला आजही लाज वाटते.

"चालू ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले आणि सिस्टरांच्या मागून उपकेंद्रात गेले. मीही गेलो.

दिवा मंद होता. खोलीत नव्या गव्हाचा वास आला आणि पाठोपाठ हौसाबाईंचा आवाज, अगदी कोवळा.

"अवो, पट्टा सैल हाय. आवळा की."

त्यावर एकवीस वर्षांपूर्वीचे अण्णा दिव्यातून म्हणाले, "उद्या बघू."

अण्णा उठले ते थेट गिरणीत गेले. पाणचक्कीचा पट्टा खरोखरच घसरत होता. त्यांनी तो आवळला आणि पुन्हा घसरू नये म्हणून तिथेच उभे राहिले. इकडे दिवा लख्ख झाला. तो दोन तास आणि वर दहा मिनिटं टिकला. माणसं आली, बाळ-बाळंतिणीला घेऊन गेली, आणि मग दिवा विझला. नोंदवहीत मी लिहिलं: शिल्लक निरंक.

तेवढा वेळ हौसाबाई बोलत होत्या. काय बोलल्या ते सांगायची तयारी सिस्टरांनी दाखवली.

"नगं," अण्णा म्हणाले. "तवा म्या हुतो की तितं."

आठवड्याने खांब उभे राहिले. कोऱ्या झालेल्या मोटरीवर पहिलं दळण अण्णांनीच घालावं असं ठरलं. त्यांनी पायलीभर गहू ओतले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. मी तेवढा नोंदीसाठी आत थांबलो. अण्णांनी बटण दाबलं आणि मोटरीशी वाकून मोठ्याने म्हणाले, "हौसा, आवळला गं पट्टा."

ते आता तळाशी आहे. ते कधीही काढू नये, असा ठराव पंचायतीने एकमताने मंजूर केला. त्यात तान्ह्या मुलाचा अपवाद अण्णांनी स्वतः घालायला लावला.