दर्शनाच्या ओटीचा नारळ

स्वतःची झडती द्यायची वेळ भिकाजीनानांवर आयुष्यात पहिल्यांदाच येणार होती आणि ती मनापासून द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्याच्या फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या झडत्या घेतल्या होत्या. आत ठिणगी जाता कामा नये, म्हणून काडेपेटी, विडी, मोबाइल सगळं फाटकावर जमा. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांच्या खिशातून लायटर काढून घेतला, तेव्हा साहेब खवळले होते. "साहेब, आग लागली तर ती हुद्दा नाय विचारत," एवढंच नाना म्हणाले होते.

त्यामुळे धाकट्या दर्शनाच्या डोहाळजेवणाला विमानानं इंदूरला जायचं ठरलं, तेव्हा पोलादपूरजवळच्या त्यांच्या घरात आठवडाभर तालीम चालली. थोरली दीप्ती महाडला शाळेत शिक्षिका. विमानात काय न्यायचं नाही, याची यादी तिनं छापून आणली होती. नाना ती चष्मा लावून वाचत बसत.

"दीप्ती, सुई नेता येते का गो?"

"तुम्हाला सुई कशाला हवी, नाना?"

"नकोच हाय. पन नियम माहीत पायजे."

शेजारचा हैबती चहाला आला, तर त्याची काडेपेटी उंबऱ्यावर जमा झाली आणि जाताना परत मिळाली. दर्शनानं आईची विळी मागितली होती. ती गोणपाटात गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. यादी तीनदा वाचून झाली, पण खालच्या एका ओळीवर कुणाची नजर थांबली नाही. बंदूक, कुऱ्हाड, पेट्रोल, फटाके अशा मंडळींत सुका नारळ बसलेला असेल, हे कोकणात कुणाच्या मनात येणार?

आणि नारळ तर न्यायचाच होता. दर्शनाला दिवस गेल्याचा फोन आला त्याच दिवशी तिच्या आईनं, मंजुळाबाईंनी, परसातला एक नारळ सोलला, शेंडी राखली आणि तो देव्हाऱ्याखाली ठेवला. "ह्यो दर्शनाच्या ओटीचा. कोनी हात लावायचा नाय," असं त्यांनी बजावलं. तीन महिन्यांनी त्या गेल्या. नारळाला कुणी हात लावला नव्हता.

विमानतळावर मोठी बॅग पट्ट्यावरून आत सरकली, विळीसकट. मग झडतीची रांग आली आणि नाना हरखून गेले. पिशव्या एका बोगद्यात शिरत होत्या आणि पलीकडे सुखरूप निघत होत्या. पडद्यासमोर गणवेशातली एक मुलगी पापणी न हलवता बसली होती. छातीवर नाव होतं, सोनाली. कुणाचा डबा उघडणं नाही, कुणाची पिशवी चाचपणं नाही.

"बघ गो," नाना कुजबुजले, "हात न लावता बघते. एकतीस वर्सं मी लोकांच्या डब्यातली भाजी हुंगली."

बोगदा थांबला. पट्टा दोन वेळा मागं गेला, दोन वेळा पुढं आला.

"ही पिशवी कुणाची?" सोनालीनं विचारलं.

"माजी," नाना उत्साहानं पुढे झाले.

"नारळ आहे. सुका. अख्खा नेता येत नाही, बाबा."

"नारळ?" दीप्ती म्हणाली. "अहो, विळी गेली की बॅगेतून!"

"विळी चालते मोठ्या बॅगेत. नारळ तिथंही चालत नाही. पेट घेतो."

दीप्ती वाद घालायला सरसावली होती, पण नाना विचारात पडले होते. "तेल असतंय त्यात. तेल म्हंजे ठिणगी धरनार. बरोबर हाय तिचं."

"नाना, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"फाटकाच्या," नाना म्हणाले, पण आवाज पडला होता.

दीप्तीनं सोनालीला हळूच सांगितलं, "आईनं ठेवलेला आहे हो तो. आई आता नाही." सोनालीनं नारळावरचा हात काढून घेतला. मग तिनं नाइलाजानं शेजारच्या डब्याकडे पाहिलं. डब्यात कात्र्या होत्या, लायटर होते, एक पाना होता.

"जमा करतो," नाना म्हणाले. "नोंद कुठं करू? परत येताना घेऊन जाईन."

"परत मिळत नाही, बाबा."

हे मात्र नानांना सहन झालं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या फाटकावरून एक काडेपेटी हरवली नव्हती. "अशी कशी झडती? घेतलेलं परत द्यायचं नाय तर मग त्याला..." पुढचा शब्द त्यांनी गिळला, कारण तेवढ्यात सोनालीनं वरच्या साहेबांना हाक मारली होती. तिची शंका वेगळीच होती.

"सर, नारियल के अंदर कुछ है."

साहेब राजस्थानकडचे, उंच, भरघोस मिशांचे. त्यांनी पडदा पाहिला, मग नानांना पाहिलं. "क्या डाला है इसमें?"

"त्याच्यात कोन काय घालनार, साहेब? वरनं बंद, खालनं बंद."

"फिर ये गोला क्या है?"

"मला दाखवा."

"प्रवाशांना बघता येत नाही," सोनाली म्हणाली.

"बरोबर. मी पन नसता दाखवला. पन सांग तरी कसा दिसतो."

सोनालीनं पडद्यावर नजर ठेवूनच सांगितलं, "कवटीपासून सुटा. मऊ वाटतो. लिंबाहून मोठा. मधोमध."

नानांनी नारळ उचलून कानाशी हलवला. पाणी वाजलं नाही. सुकलं असेल, असं ते इतके दिवस समजत होते. त्यांनी तो हलकेच खाली ठेवला. "फूल हाय," ते म्हणाले. "सगळं पानी पिऊन नारळात फूल धरलंय. पाच महिने मी रोज तिथं दिवा लावला गो, मला नाय कळलं. तुला पडद्यावर येवढ्यात कळलं?"

दीप्तीला दर्शनानं मोबाइलवर पाठवलेला सोनोग्राफीचा धूसर फोटो आठवला.

साहेबांनी फुलं नेहमी झाडावर बाहेरच्या बाजूला पाहिली होती. आत काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नारळ डब्यातही टाकू देणार नव्हते. आधी नारळ विमानात जाऊ शकत नव्हता, आता तो टाकताही येत नव्हता. तो फोडायचा असं ठरलं. पण कशावर? नानांनी चारी बाजूंना पाहिलं. काच होती, गुळगुळीत फरशी होती, खुर्च्या होत्या.

"येवढी मोठी इमारत," ते अचंब्यानं म्हणाले, "नी दगूड नाय एक!"

शेवटी डब्यातला जप्त पाना निघाला. नानांनी सवयीनं हात पुढे केला आणि चार जवान एकदम पुढे सरले. झडतीच्या आत, प्रवाशाच्या हातात लोखंडी पाना! हे होऊ नये म्हणूनच तर हा सगळा थाट होता. तेव्हा साहेबांनी स्वतः पाना घेतला, नारळ टेबलावर ठेवला आणि जोरात हाणला. नारळ निसटला, फरशीवर दाणकन पडला आणि रांगेतून घरंगळत गेला. दोन बायका किंचाळल्या, एक गृहस्थ सुटकेससकट खुर्चीवर चढले, बंदूकवाला जवान नारळामागं धावला आणि त्याला आरोपीसारखं शेंडीला धरून घेऊन आला.

"साहेब," नाना टेबलापासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, "शेंडी डाव्या हातात धरा. आता मधल्या रेघेवर. जोर नको. मारा, फिरवा. मारा, फिरवा. पोरीच्या पाठीवर थापटतात तसं."

साहेबांनी थापटलं. चौथ्या थापेला चीर गेली, पाचव्याला दोन वाट्या झाल्या.

आत मुठीएवढं पांढरंशुभ्र फूल होतं, बोंडासारखं गोल, ओलसर, जणू आत्ताच ठेवलेलं. गोडसर वास सुटला. खुर्चीवरचे गृहस्थ खाली उतरून जवळ आले. सोनाली पहिल्यांदाच पडदा सोडून उठली आणि तिनं पडद्यावर पाहिलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली. साहेबांनी नकळत टोपी काढली होती.

मग त्यांनी ती घातली आणि यादी मागवली. बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"नारियल है," ते म्हणाले. "फूल लिस्ट में नहीं है. ले जाइए."

नानांनी फुलाचा एक तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी मान हलवली. "ड्यूटी पे नहीं, बाबा." नानांनी टाचा जुळवून त्यांना कडक सलाम ठोकला. वाट्या डब्यात टाकायला मात्र कुणाचा हात धजेना. शेवटी त्या नानांनीच टाकल्या. "नियम हाय," ते म्हणाले आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले.

फूल चपात्यांच्या डब्यात बसलं. चपात्या बापलेकींनी उभ्या उभ्या संपवल्या. विमान उडालं तसा दीप्तीनं नानांचा हात दाबला. "ढग बघा ना, नाना. पहिल्यांदा बसलात."

"बघतोय," नाना म्हणाले. ते झाकण किलकिलं करून डब्यात बघत होते.

इंदूरला दर्शनानं दारातच डबा उघडला. हकिगत ऐकता ऐकता तिनं एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा. दीप्तीनं हात पुढे केला, तेव्हा दर्शनानं डबा पोटाशी धरला आणि पाठ फिरवली. शेवटचा घास ती बराच वेळ चावत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला, बायका जमल्या. तांदूळ, खण, हळकुंडं असं सगळं ताटात आलं. दर्शनाच्या सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, माहेरचा नारळ आणणार होतात ना? विहीणबाईंनी ठेवलेला?"

"आनला ना."

"मग कुठं आहे?"

नानांनी पाटावर बसलेल्या लेकीच्या पोटाकडे पाहिलं.

"आत गेला," ते म्हणाले.