राजघोट्यास ताणपट्टी बांधिली त्याची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, ज्याचा मान त्यास पोहोचवून आणि कोणाचा राहिला असल्यास आधीच क्षमा मागून लिहिण्यास कारण ऐसे जे, शके सोळाशे तेहतीस, खरनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य सप्तमीस महाराज पालखीतून उतरतां रयतेचे मुजरे घेत राहिले, पायाखाली पाहिले नाही, आणि उजवा घोटा मुरगळला. घोटा फुगोन नारळाएवढा जाहाला. मग फिरंगी व्यापाऱ्याने नजर केलेली ताणपट्टी काढिली, जी ओढिली असतां लांबते आणि सोडिली असतां आखडते, आणि ती बांधावी ऐसे ठरले. परंतु त्या राज्याचा रिवाज ऐसा की, महाराजांचे अंगी जे वस्त्र गुंडाळावे त्यास सातां मानकऱ्यांनी एकेक वेढा द्यावा, आणि ज्याचा वेढा त्यानेच सोडावा, शेवटल्याने आधी. मग प्रधान त्रिंबकपंतांनी वरून, पोटरीपासोन आरंभ केला, कारण प्रधानाने खालून आरंभ करणे शोभत नाही, आणि पुढे प्रत्येकाने मागल्याहून अधिक ओढिले, कारण ढिला वेढा ती ढिली निष्ठा ऐसे सर्वांस वाटले. सातवा वेढा चवड्यावर आला, तो रायाजीराव खोपकरांचा. आपणांस शेवटी ठेविले या रागे त्यांनी पलंगास पाय लावोन पट्टी ओढिली, गाठ मारिली आणि रुसोन गावी निघोन गेले.

मग घटकाभरात महाराजांची बोटे निळी पडिली, आणि महाराज बोलिले, "अरे, मुंग्या येताहेत!" भाटाने तत्काळ कवन केले की देवाचेही चरण निळेच. राजवैद्य म्हणाले, "सांजेपावेतो ऐसेच राहिले तर पाऊल जाईल." परंतु खोपकरांवाचून गाठ सोडावी कोणी? जासूद दौडविला, तो निरोप घेऊन आला की, पुढील खेपेस पहिला वेढा आमचा ऐसे लिहून द्या, मग येतो. प्रधान म्हणाले, "पहिला आमचा, आजोबांपासोन!" आणि यावर सभा बसली, आणि महाराज कण्हत राहिले. राणीसाहेब लाडूबाई यांस रडूं कोसळले, आणि त्यांनी घोड्यांचे पाय बांधणारी पागेतील येसाई बोलाविली. येसाईने पाय पाहिला आणि सरळ गाठीस हात घातला. प्रधान ओरडले, "तुझा मान कितवा?"

"मान न्हाई म्हनून तर हात मोकळा हाय, पंत. सरका."

तिने सातही वेढे उकलिले, बोटांस रंग येईतो थांबली, आणि मग चवड्यापासोन वर, टाचेस फुली घालोन, प्रत्येक वेढा मागल्याच्या अर्ध्यावर येईल ऐसा, बेताने ताणोन बांधिला. बोटे उघडी ठेविली. नख दाबिले, ते पांढरे होऊन पुन्हा लाल जाहाले. "पट्टीखाली बोट शिरतंय का बघा, रानीसाब. निजताना सोडायची, आन् पाय उशीवर." महाराज हसले, आणि संतोषोन आज्ञा केली की घोटेबांधणीचा मान येसाईस वंशपरंपरा द्यावा. कारकुनाने लेखणी बुडविली. येसाईने हात जोडिले.

"नगं, म्हाराज. पुढं कवा तुमचा पाय मुरगाळला, आन् माझा नातू रुसून गावाला गेला, तर?"

महाराजांनी मघा निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिले आणि कारकुनास म्हणाले, "कागद मिटा."

एवंच, घोटा बारा दिवसांत बरा जाहाला. पहिला वेढा कोणाचा, हा तंटा अद्याप चालला आहे. पट्टी मात्र राणीसाहेबांनी पागेत ठेवविली.