देवामागची केरसुणी

सोनईच्या सासरी येऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा एका सकाळी एस्तेरने ठरवलं की आज सासूबाईंचं मन जिंकायचंच. (असा विचार आला की नव्या सुनेने खरं तर पुन्हा पांघरूण घ्यावं.)

जिंकणं भागच होतं. सासूबाई अलीशिबाबाई पक्क्या कॅथलिक, आणि एस्तेर नगरच्या प्रोटेस्टंट चर्चची. "पोरगी गुनाची हाय, पर आपल्यातली न्हाई," हे वाक्य साखरपुड्यापासून वऱ्हाडाबरोबरच फिरत होतं.

तर तिने येशूची तसबीर पुसायला काढली. मागे निघाल्या शिंदीच्या वाळक्या झावळ्या, कोळिष्टकांसकट. तिच्या माहेरी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्या उंच धरून 'होसान्ना' म्हणत फेरी काढायची आणि सोमवारी शेळीपुढे टाकायच्या. इथे तर वर्षभर पडून! आणि वाळकी शिंदी म्हणजे केरसुणीच की. तिने पाती चिरली, सुतळीने झकास मूठ बांधली.

सासूबाईंनी ती घेऊन कोंबड्यांचं खुराडं झाडून बघितलं. "लई ब्येस झाडती गं!"

एस्तेर दोन दिवस तरंगत होती.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपताना फादर म्हणाले, "गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या आणून द्या. त्यांचीच राख आपण बुधवारी कपाळाला लावणार आहोत."

घरी येताच तिने नवऱ्याला न्हाणीपाशी गाठलं.

"अहो, खुराड्यातली ती केरसुणी आहे ना, ती आशीर्वादित आहे."

"काय?"

"तसबिरीमागच्या झावळ्यांची केलीय मी."

कल्याणचा चेहरा पडला. "आई मला घराबाहेर काढंल."

"तुम्हाला का?"

"तुला आणली कुणी?"

दोघांनी गुपचूप केरसुणीची सुतळी सोडली, पाती शाम्पूने धुतली (कल्याणला तेवढंच सुचलं), पत्र्यावर वाळवली आणि पुन्हा देवामागे खोचली.

मंगळवारी सासूबाईंनी जुडी काढली, हुंगली. "औंदा वास लई ग्वाड येतोय." मग पात्यात अडकलेलं कोंबडीचं पीस अलगद उपटलं आणि चर्चकडे निघाल्या.

बुधवारी फादरांनी एकेकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. "माणसा, तू माती आहेस आणि मातीतच मिळशील." ही माती खुराड्यातली होती, हे एस्तेरला पक्कं ठाऊक. तिला सासूबाईंच्या कपाळाकडे बघवेना.

त्या बुधवारी सुरू झालेला ईस्टरआधीचा उपासकाळ तसाच सरत आला. ओरडल्या असत्या तर सुटका तरी झाली असती. सासूबाई नुसत्या भाकरी थापायच्या आणि मध्येच गालात हसायच्या.

मग झावळ्यांचा रविवार आला. आशीर्वादासाठी रांग लागली. सासूबाईंनी फादरांपुढे हिरव्यागार पात्यांच्या एक सोडून दोन जुड्या धरल्या.

"दोन कशाला, अलीशिबाबाई?"

"ही देवामागं ठिवायला. अन् ही आमच्या सुनंला. तिला खुराड्याला केरसुणी लागती."

'आमच्या' हा शब्द एस्तेरने त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ऐकला. पुढचं अख्ख्या चर्चने ऐकलं.