हुसेनबी खालांची पेटी

हुसेनबी खाला खोलीत आल्या की पाच मिनिटांत त्या खोलीतलं सगळं उघडं पडायचं. खिडक्या, डबे, दौतीचं बूच, माठावरचं झाकण. दाराला तर त्या कडी लावूच देत नसत. होस्टेलातल्या पहिल्या दिवशी मी माझी पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवते न सरकवते तोच चाळिशीतल्या या अनोळखी बाईनं ती बाहेर ओढली, झाकण उघडून भिंतीला टेकवलं आणि मग शांतपणे माझ्या दोन्ही वेण्यांच्या रिबिनी सोडल्या.

"अहो, काय करता?" मी ओरडलेच.

"मोकळं असू दे, बेटी. बाळंतिणीच्या घरात गाठ नसावी."

"इथं कुठाय बाळंतीण?"

"हौदापल्याड वार्डात हायेत की सातजणी!"

आमच्या भागात ही रीत घरोघरची आहे. बाई अडली की ती लवकर सुटावी म्हणून घरातल्या म्हाताऱ्या कुलपं काढतात, पोत्यांची तोंडं सोडतात, दावणीची म्हैससुद्धा सोडतात. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. माझ्या आईनंही आमच्या गावी, मुरुमला, हेच केलं होतं. पण बाळ रडलं की झाकणं परत जागेवर जातात आणि म्हैस परत दावणीला येते. खालांनी ही रीत बारा महिने चालवली होती.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि गावोगावी शिकलेल्या सुईणी नेमायच्या म्हणून उस्मानाबादेत आमचा वर्ग निघाला होता. आम्ही अकराजणी. दहाजणी सतरा-अठराच्या, आणि एक हुसेनबी खाला. फॉर्मवर त्यांनी वय तीस लिहून दिलं होतं. मी एकदा डोळे मोठे केले, तर म्हणाल्या, "सायबानं कुठं दात मोजले?"

त्या तामलवाडीच्या. जन्म गेला बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात. त्यामुळं जगातल्या सगळ्या बायका त्यांच्या लेखी बांगडीच्या मापाच्या होत्या. मी सव्वादोनची. आमच्या मोठ्या सिस्टरबाई पावणेतीनच्या, "पन हाड कडक, तेल लावल्याबिगर चढायची न्हाय." गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे बोटांच्या मापात सांगायचं असतं. खाला सांगायच्या, "तान्ह्या पोरीचं कडं जाईल एवढं झालंय, सिस्टर. अजून वखत हाय." सिस्टरबाई कपाळाला हात लावायच्या, पण तपासून बघितलं की अंदाज बरोबर निघायचा. आणि त्यांचे हात! कळा देणाऱ्या बाईचा हात त्यांनी हातात घेतला की तिची मूठ आपोआप सैल पडायची. हजारो मुठी त्यांनी सैल केल्या होत्या, काच न फोडता.

पण उघडं टाकायच्या खोडीनं त्यांनी सगळ्यांना जेरीस आणलं. मेसमधलं दूध दोनदा मांजर प्यायलं. धुऊन ठेवलेल्या चादरींच्या कपाटात चिमण्यांनी काड्या आणल्या. एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांच्या बुटांच्या नाड्या, ते जेवायला बसले असताना, कुणीतरी सोडून ठेवल्या. कुणी ते सांगायला नको. सिस्टरबाईंनी बजावलं, "हुसेनबी, यापुढं एक कुलूप उघडलंत तर घरी पाठवीन."

खऱ्या काळजीची गोष्ट मात्र वेगळीच होती. बाळाची नाळ कापायच्या आधी दोन ठिकाणी दोऱ्यानं घट्ट बांधावी लागते. परीक्षेत बाहुलीवर ते करून दाखवायचं होतं. आणि खालांच्या हातून गाठ बसत नव्हती. एरवी एवढे सराईत असलेले त्यांचे हात दोरा घेतला की थरथरायचे. गाठ घातली तरी ती इतकी ढिली की बाहुली उचलली की दोरा खाली.

"असं केलंत तर पोर रक्तानं जाईल," सिस्टरबाई एकदा म्हणाल्या. त्या दिवशी खाला जेवल्या नाहीत.

मग मी त्यांची शिकवणी घ्यायला लागले. एक तर त्यांना मराठी वाचायला अवघड. निजामाच्या शाळेत चार यत्ता उर्दू झालेली. मी पुस्तक वाचायचे आणि त्या उजवीकडून डावीकडं भराभर टिपून घ्यायच्या. वाचन झालं की खाटेच्या गजाला वीस-वीस दोरे बांधायला लावायचे. संध्याकाळी गजावर वीस गाठी असायच्या. सकाळी उठून बघावं, तर एक नाही.

"खाला, हे काय?"

"काय करू गं? बघवत न्हाय."

परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली. माझ्या परीक्षेची काळजी होतीच, पण खालांची जास्त होती. त्या नापास झाल्या तर पुन्हा बसायची सोय नव्हती. मी वैतागून एकदा बोलले, "गाठ मारता येत नाही तर आलात कशाला? बांगड्या काय वाईट होत्या?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरनीला एक सवाल इचारायचाय, गिरजे. पास झाल्याबिगर तो इचारायचा हक न्हाय मला. अडानी बाईला कोन खरं सांगतंय?"

सवाल कसला ते मात्र काही केल्या सांगेनात.

परीक्षा घ्यायला बाहेरगावाहून एक डॉक्टरीणबाई आल्या. जाड भिंगाच्या, बारीक आवाजाच्या. माझी तोंडी कशीबशी पार पडली आणि खालांचा नंबर आला. त्या आत गेल्या आणि सवयीनं दार सताड उघडं ठेवलं. म्हणून मला व्हरांड्यातून सगळं दिसलं आणि ऐकू आलं.

बाहुली समोर आली. खालांनी दोरा उचलला. काहीतरी पुटपुटल्या. मग डोळे मिटले आणि एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी. थोडं अंतर सोडून तिसरी आणि तिच्यावर चौथी. डॉक्टरीणबाईंनी दोरा ओढून बघितला, तर बाहुलीच टेबलावरून उचलली गेली. मी तोंडात पदर कोंबला.

मग प्रश्न आला. बाळामागून वार पडल्यावर बाईचं रक्त थांबत नसेल तर ते कशानं?

खाला तोंडपाठ असल्यासारख्या बोलल्या. पोर आणि वार भायेर आल्यावर पिशवी आवळून मिटाया पायजे. मिटली न्हाय तर रगत जातंय. पोटावरनं पिशवी चोळायची, पोराला पाजाया लावायचं, दवाखान्यात धाडायचं.

"छान. जा आता."

खाला जागच्या हलल्या नाहीत. "बाईसाब, मी पास हाय का?"

"हो, पास आहात."

"मग एक इचारू?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "माझी लेक मेहरून पहिल्या खेपेला मायेरी आली व्हती. आमी घरातलं समदं उघडलं. ताटल्या, मडकी, दारं. लेकरू झालं, वार पडली. मग रगत थांबंना. दफन करून आलो तवा नणंद म्हनली, तुझ्या बांगड्यांच्या पेटीला कुलूप व्हतं की. खरंच व्हतं. मालाची पेटी, माझ्या ध्यानातच आलं न्हाय. ते कुलूप मी काढलं असतं तर पोर वाचली असती का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"हुसेनबी, आत्ता तुम्हीच मला सांगितलंत ना रक्त का जातं ते? तिचं काही बंद राहिलं म्हणून ती गेली नाही. जे मिटायला हवं होतं ते मिटलं नाही. कुलपाचा त्यात काही दोष नव्हता. आणि तुमचाही नव्हता."

खालांनी मान हलवली आणि बाहेर आल्या. येताना त्यांनी दार ओढून घेतलं. मला रडू आवरेना. गेलं वर्षभर मी या बाईला हसत होते.

संध्याकाळी यादी लागली. आम्ही दोघीही पास होतो. पेढे वगैरे कुणी आणले नव्हते, मेसमधल्या गुळावर भागवलं. खोलीवर आल्यावर खालांनी आपली पेटी ओढली. तीच ती, बांगड्यांची. तिच्या कोयंड्यात एक जुनं कुलूप वर्षभर नुसतं लोंबकळत असायचं. त्यांनी झाकण लावलं आणि कुलूप दाबलं. खट्‌ करून आवाज झाला. त्या कान देऊन बसल्या, जणू कुठून कुणी हाक मारणार होतं. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"तू ठेव. माझ्यापाशी ऱ्हायली तर म्या उघडीन."

मी ती पोलक्यात ठेवली.

नेमणुका यायच्या होत्या, तोवर वॉर्डातली ड्युटी चालूच होती. तिसऱ्या दिवशी येरमाळ्याकडची एक मुलगी आली. पहिलटकरीण, माझ्याच वयाची. सकाळपासून कळा देत होती आणि दुपार झाली तरी पुढं काही सरकेना. सिस्टरबाईंनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं. खाला तिच्या उशाशी बसून तिचा हात चोळत होत्या. अगदी शांत. एका झाकणाकडंही त्यांनी बघितलं नाही. त्या मुलीची आई दाराशी उभी राहून नुसती पदर पिळत होती, आणि माझ्या छातीवर ती किल्ली टोचत होती.

मी पास झालेली सुईण होते. कुलपाचा दोष नसतो हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"सिस्टर, आले हं," म्हणाले आणि निघाले. व्हरांडा, हौद, होस्टेलचा जिना, सगळं पळतच. खालांची पेटी ओढली, कुलूप काढलं, झाकण भिंतीला टेकवलं. मग माझीही पेटी उघडली. माठावरचं झाकण काढलं. वेण्यांच्या रिबिनी सोडल्या आणि तशीच धावत परत आले.

डॉक्टर पोचले होते. अर्ध्या तासानं मुलगा झाला. वार पडली, खालांनी पोटावर हात ठेवून पिशवी आवळल्याची खात्री केली. नाळेच्या गाठीही आधी त्यांनीच बांधल्या होत्या. हात जराही थरथरला नव्हता.

ड्युटी संपवून आम्ही खोलीवर आलो. दारातच खाला थांबल्या. उघडी पेटी, उघडा माठ आणि मोकळ्या केसांची मी. मी मान खाली घातली.

त्यांनी मला खाटेवर बसवलं, माझे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या आणि प्रत्येक वेणीला रिबीन बांधली. चांगली घट्ट, एका गाठीवर दुसरी.