तिसरी मशीन सोनिवलीला

विलास घरतने मला फसवले. सरळ सांगतो. माझ्या दोन दुकानांना एका मशीनवरचा साधा डेटाबेस पुरला असता. त्याने तीन गावांत पसरलेला डेटाबेस माझ्या गळ्यात मारला.

मी पडदे-चादरी विकतो. सुरुवात हातगाडीवर, आता उल्हासनगर आणि अंबरनाथला दुकाने. भाव करताना समोरच्याला रडवणारा माणूस म्हणून बाजारात माझे नाव आहे. अशा मला या माणसाने गुंडाळले, हेच जास्त लागले आहे.

आधी घरतचा स्वभाव सांगतो. दोन्ही दुकानांचे कॉम्प्युटर तोच बघतो, पण एकाच्या शब्दावर तो कधीच चालत नाही. रोजच्या रस्त्यालाही तीन रिक्षावाल्यांना विचारणार आणि दोघांचे उत्तर जुळले की मगच निघणार. चहा आला तरी आधी माझ्या माणसांना चाखायला लावतो. साखर बरोबर आहे असे दोघांनी म्हटले, की याचा कप उचलला जातो. "शेठ, दोघांचं जुळलं पाहिजे," हे त्याचे पालुपद.

डेटाबेसही त्याने स्वतःसारखाच निवडला. काय विकले, किती माल उरला, ही सगळी माहिती तीन मशीनवर. त्यातल्या दोघींनी मान्य केल्याशिवाय विक्रीची नोंद होत नाही. एक बंद पडली तर उरलेल्या दोघी धंदा चालवतात. दोन मशीन माझ्या दुकानांत बसल्या. तिसरी? "पंच तिऱ्हाईत जागी असावा," म्हणत ती त्याने सोनिवलीला स्वतःच्या घरी नेली. जागेचे भाडे मागितले नाही. फुकट म्हटल्यावर मी फार खोलात जात नाही.

मग ऐन लग्नसराईत उल्हासनगरच्या दुकानासमोर रस्ता खणला आणि इंटरनेटची केबल तुटली. नवरीकडची मंडळी अख्ख्या घराचे पडदे निवडून गल्ल्यापाशी उभी. बिल होईना. हाताने लिहायला घेतले, तर भाव आणि शिल्लक माल सगळे त्या मशीनच्या पोटात. मी घरतला फोन लावला.

"तुमची मशीन ठणठणीत आहे शेठ," तो शांतपणे म्हणाला. "पण ती एकटी पडलीय. एकटीचं मत धरत नाहीत."

शेजारच्या पडदेवाल्या लछूभाईचीही केबल तुटली होती. पण त्याची एकच मशीन, तीही दुकानातच. त्याची बिले फटाफट निघत होती. मंडळी तिकडे गेली. "अरे शेठ, दो दुकान के लिए इतना तामझाम?" लछूभाई त्याच मंडळींना स्वतःचे पडदे मोजून देत म्हणाला.

मी तडक सोनिवली गाठली. शिव्या वाटेतच तयार केल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि टेबलावर पुसून लख्ख ठेवलेली माझी मशीन. मी तोंड उघडणार, इतक्यात तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला.

"अंबरनाथला काहीतरी विकलं गेलं," घरत म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मग खाली बघत म्हणाला, "साध्यावर तुमचं भागलं असतं, शेठ. माहीत होतं मला. पण मग इथे काहीच आलं नसतं. बायको गेल्यापासून या घरात कुणी फिरकत नाही. दुकानं उघडली की हा दिवा सुरू होतो. माणसांची ये-जा आहे असं वाटतं."

शिव्या राहू दिल्या आणि खुर्ची ओढून बसलो. पण सौदा केल्याशिवाय मी कुणाच्या घरून उठत नाही. त्याला सांगितले, मुख्य मशीन यापुढे एकच, माझ्या उल्हासनगरच्या दुकानात. अंबरनाथ तिच्यावरच चालेल. केबल कुठेही तुटली तर अंबरनाथचे दुकान थांबेल, मला चालेल. सोनिवलीला फक्त तिची नक्कल राहील. प्रत्येक विक्री इथे पोहोचेल, दिवा लुकलुकेल, पण माझे गिऱ्हाईक त्यासाठी खोळंबणार नाही. तो मान डोलावत राहिला.

म्हणून प्रकरण मिटले असे कुणी समजू नये. मला खरे न सांगता तिसरी मशीन घरी का नेली, याचा जबाब घरतने द्यायचा आहे. फोनवर चालणार नाही. दुकानात यायचे, समोर बसायचे, जेवणाच्या वेळेला. आणि हा जबाब एका दिवसात पुरा होणार नाही, हे मी आत्ताच बजावून ठेवतो.