निरोपाचा ठोकळा

शुक्रवारी दुपारी दिपालीच्या मोबाइलवर एक निरोप आला आणि तिने हातातला चहा खाली ठेवला. निरोप असा होता : "'दिपाली' या आपल्या जनावराची नोंद झाली आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता स्वच्छ धुऊन वैरागच्या मैदानावर आणावे. दात, वजन व चाल पाहून निवड केली जाईल. लसीचा दाखला सोबत असावा." खाली नाव होतं वधू-वर परिचय मेळावा समितीचं.

हा मजकूर दिपालीनेच लिहिलेला होता. फक्त तो मेंढ्यांसाठी होता.

दिपाली जुळे सोलापुरात, राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत वेबसाइट बांधायचं काम करायची. बांधायचं म्हणजे पायापासून वीट न् वीट रचायची नाही. ती जे फ्रेमवर्क वापरायची त्यात तयार ठोकळे असतात. एक ठोकळा माहिती साठवतो, एक फॉर्म दाखवतो, एक कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं ते बघतो आणि एक लोकांना निरोप पाठवतो. ठोकळे नीट जुळवले की काम झालं. गेल्या महिन्यात तिने, तिचे बिरप्पामामा वैरागला भरवत होते त्या मेंढ्यांच्या प्रदर्शनाची वेबसाइट केली होती. आठवड्यापूर्वी समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम आलं, तेव्हा तेच ठोकळे तिने इकडे घेतले. माहितीच्या ठोकळ्यात 'दात'च्या जागी 'शिक्षण' घातलं, 'खांड' म्हणजे कळप, त्याच्या जागी 'कुटुंब' घातलं, फॉर्मला गुलाबी कड दिली. निरोपाचा ठोकळा मात्र दोन्ही वेबसाइटींना मिळून एकच राहिला होता आणि त्यातला मजकूर बदलायचा राहून गेला होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती. मेळाव्यात आपलं नाव आलंच कसं? ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिची आई केराबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नाव दिलं होतं हे त्यांनी लगेच कबूल केलं.

"सांगितलं असतं तर तू दिऊ दिलं असतंस का?" त्या म्हणाल्या. "आन् नंबर तुझा दिला. मला कुटं वाचता येतंय फोनवरचं."

यावर भांडायला दिपालीपाशी वेळ नव्हता. निरोप तिला एकटीला आलेला नव्हता. समितीच्या आबासाहेबांनी अर्ध्या तासापूर्वी 'सर्वांना कळवा' हे बटण दाबलं होतं आणि एकशे शहाऐंशी घरांत तो पोचला होता.

आबासाहेबांचा फोन आलाच. ते निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात एकाही सूचनाफलकावर त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ चुकू दिला नव्हता. ते ओरडले नाहीत, त्यामुळे दिपालीला जास्तच घाम फुटला. त्यांनी शांतपणे एकेकाचं सांगायला सुरुवात केली. करकंबच्या एका वधुपित्याने, आमची पोरगी काय दावणीला बांधायची का, असं विचारून नाव काढून घेतलं होतं. एका वराच्या आईने मुलाचं वजन जास्त असल्याचं आधीच सांगून टाकलं होतं, नंतर कटकट नको म्हणून. आणि एक गृहस्थ दात बघणारा डॉक्टर समितीचा असेल की आपण आणायचा, एवढंच विचारत होते.

"मुली, पाच वाजायच्या आत हे दुरुस्त व्हायला हवं," आबासाहेब म्हणाले. "नाहीतर मेळावा रद्द करून मी राजीनामा देतो."

दिपालीला बसवेना. खरं तर निरोपाचे दोन ठोकळे करायला हवे होते, एक माणसांचा आणि एक मेंढ्यांचा. त्याला तासभर निवांतपणा लागला असता. पण फोन सारखा वाजत होता. तिने उभ्या उभ्याच कीबोर्ड ओढला, होता तो मजकूर पुसला आणि दिलगिरीच्या एका ओळीखाली नवा लिहिला : आपल्या पाल्याची नोंद झाली आहे, रविवारी दहा वाजता जुळे सोलापुरातल्या मंगल कार्यालयात पालकांसह यावे, जन्मपत्रिका व एक रंगीत फोटो आणावा. दोनदा वाचला, बटण दाबलं आणि पाच मिनिटं बाल्कनीत येरझाऱ्या घातल्या. आबासाहेबांचा फोन आला. निरोप उत्तम आहे म्हणाले. करकंबकरही परत आले होते.

दिपाली खुर्चीत टेकली. तेवढ्यात चार वाजले.

चार वाजता मेंढ्यांच्या वेबसाइटने, आधीच लावून ठेवल्याप्रमाणे, प्रदर्शनाची आठवण करून देणारा निरोप आपण होऊन पाठवला. ठोकळा एकच. त्यात होतं तेच गेलं.

बिरप्पामामांचा फोन आला तेव्हा मागे मेंढरांचा आवाज होता.

"दिपा, मेंढराची पत्रिका कुटनं आणू गं?" मामा म्हणाले. त्यांना खरोखरच काळजी पडली होती. बावन्न मेंढेवाले त्यांच्यामागे लागले होते. वैरागचा एक जण मेंढ्याला घेऊन फोटोच्या दुकानात गेला होता आणि दुकानदार आत घेत नव्हता. बाकीचे विचारत होते की प्रदर्शन वैरागच्या मैदानावर की सोलापूरच्या मंगल कार्यालयात, आणि कार्यालयात असेल तर जेवण हाय का.

दिपालीने पुन्हा मजकूर बदलायला घेतला, पण बटणावर बोट जाईना. दाबलं तर आता कुणाकडे काय जाईल, याचा तिला स्वतःलाच भरवसा उरला नव्हता. मामांनीही, आता कळ दाबू नको, माणसाशी माणसानं बोल, असं बजावलं. शेवटी तिने बावन्न नंबर कागदावर उतरवले. सव्वीस स्वतः घेतले, सव्वीस आईला दिले. प्रदर्शन वैरागलाच आहे, सोलापूरला यायचं नाही, एवढंच सांगायचं.

शनिवारचा सगळा दिवस त्यात गेला. दिपालीचा एक फोन दोन मिनिटांत संपायचा. केराबाईंचा वीस-वीस मिनिटं चालायचा. किती भाऊ, शिक्षण कुठवर, हिरीला पाणी हाय का, असं काहीबाही आतून ऐकू यायचं. दिपालीने जाऊन विचारलं तेव्हा केराबाई म्हणाल्या, चौकशी केल्याबिगर नुसता निरोप दिऊन फोन ठेवायला आपण काय मशीन हाय का. ते बरोबरच होतं, म्हणून दिपाली परत फिरली.

रविवारी ती साडेआठपासून कार्यालयाच्या फाटकात उभी होती. आईने नेसवलेली साडी सावरत रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. कुठे एखादा टेम्पो वळला की तिचा जीव खालीवर व्हायचा. दहा वाजले. लोक आले, आत जाऊन बसले. मुलांकडचे डावीकडे, मुलींकडचे उजवीकडे, मध्ये रिकामी वाट. आबासाहेब माइकवर परिचय वाचू लागले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण मेंढाही कुठे दिसत नव्हता, आणि दिपालीला तेवढं पुरे होतं.

साडेदहाला एक पिकअप फाटकात येऊन थांबली. मागे एक माडग्याळी जातीचा मेंढा उभा होता. धुतलेला, कपाळाला भंडारा, गळ्यात नवा गोंडा.

दिपाली धावली, पण मेंढा तिच्या आधी ओरडला. आतले दोन म्हातारे खिडकीशी आले. मग आणखी चौघे बाहेर आले. नोकरीपायी फ्लॅटात राहायला आलेली ही सगळी घरं मूळची मेंढरंवाली. दहा मिनिटांत अर्धा हॉल पिकअपभोवती होता. मेंढ्याचं पोपटासारखं नाक, कानांची लांबी, खांड कुणाचं, यावरून डावीकडचे उजवीकडच्यांशी वाद घालत होते. वादातून गावं निघाली, गावांतून नाती निघाली. करकंबचे वधुपिता वजन जास्त असलेल्या मुलाच्या आईला मेंढ्याचं वय दातावरून कसं ओळखायचं ते दाखवत होते. आत आबासाहेब रिकाम्या खुर्च्यांना तेहतिसावा परिचय वाचून दाखवत राहिले. मग माइक ठेवून तेही बाहेर आले आणि चष्मा पुसून नाकाबद्दल आपलं मत देऊ लागले.

दिपालीला यातलं काही दिसत नव्हतं. ती पिकअपवाल्याला शोधत होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तरुण दाराला टेकून अवघडून उभा होता. त्याने ओळख सांगितली : मल्हार, शेतकी पदवीधर, वैरागला मेंढीपालन. यादीत तो आईच्या सव्विसांमधला होता, हे तिला आठवलं.

"तुम्हाला फोन आला नव्हता का?" तिने विचारलं. "प्रदर्शन वैरागला आहे. तुमच्याच गावात."

"व्हय, माहीत हाय. काल तुमच्या आईंचा फोन आला होता. अर्धा तास बोलल्या." मल्हार मेंढ्याकडे बघत म्हणाला. "मेंढ्याला आणू नका म्हनल्या. पण तुमी मात्र नक्की या म्हनल्या."

दिपालीने वळून पाहिलं. केराबाई गर्दीत होत्या आणि इकडे बघायचं अगदी निग्रहाने टाळत होत्या.

"मग मेंढा कशाला आणलात?"

मल्हारने शर्टाची बाही उगाच सरळ केली.

"एकट्यानं यायला लई लाज वाटली," तो म्हणाला.